सत्तेचाळीस क्रमांकाचा वर्ग

नाट्यलेखन शिकविता येते काय? हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापक जॉर्ज पिअर्स बेकर यांची धारणा अशी की, वहीतले नाटक रंगभूमीवर उभे राहिल्यावाचून लेखकास त्यातील दोष दिसत नाहीत. त्यांच्या नाट्यलेखनाच्या वर्गाचा क्रमांक ४७. त्याच नावाने १९१२ साली त्यांनी प्रयोगशाळा काढली. नाटके विद्यार्थ्यांनी लिहावी, नेपथ्य त्यांनीच रचावे आणि निमंत्रित प्रेक्षकांनी लेखी अभिप्राय द्यावा, असा तेथील क्रम. १९१४ साली युजीन ओनील याच वर्गात दाखल झाले. पुढे १९३६ साली त्यांस नोबेल पारितोषिक लाभले. तथापि, बेकर यांनी मागितलेले नाट्यगृह हार्वर्डने दिले नाही. अखेर १९२५ साली ते येल विद्यापीठात गेले. तेथे नाट्यगृह उभे राहिले. विद्यार्थ्यास ग्रंथालयाइतकीच, चुकावयासही जागा लागते; ती नाकारणाऱ्या विद्यापीठाने आपला गुरू गमावला.