कानभोज कोण?

मुंबईकडून येताना महाडच्या अलीकडे, महामार्गालगतच्या डोंगरात गांधारपाल्याची लेणी आहेत. इथल्या एका प्राकृत लेखात ‘कुमार कानभोअ व्हेणुपालित’ याच्या दानाची यादी आहे: लेणे, चैत्यगृह, आठ ओवरक, लेण्याच्या दोन्ही अंगांना मिळून दोन पोढी आणि वाट. ओवरक म्हणजे भिक्षूंच्या खोल्या. देवळातली आपली ओवरी याच शब्दाची लेक. पोढी म्हणजे पाण्याचे टाके. आठ आणि दोन हे आकडे आधी अक्षरी आणि पुढे अंकी दिले आहेत, आपण चेकवर लिहितो तसे. लेखात ना सन आहे, ना कोण्या सम्राटाचे नाव. भगवानलाल इंद्रजी आणि जेम्स बर्जेस यांनी १८८१ साली तो छापला.

आता यात माणसाचे नाव कोणते? कुमार, कानभोअ, व्हेणुपालित या तिन्ही शब्दांना षष्ठीचा एकच ‘स’ प्रत्यय लागला आहे, त्यामुळे व्याकरण काही हाती लागू देत नाही. उत्तरासाठी याच जिल्ह्यातल्या कुडे लेण्यांकडे जावे लागते. तिथे महाभोजाच्या पदरी असलेल्या शिवभूती नावाच्या लेखकाने आपल्या धन्याची ओळख ‘महाभोजी साडगेरी विजया हिचा पुत्र महाभोज मांदव खंदपालित’ अशी दिली आहे. आई महाभोजी आणि मुलगा महाभोज, म्हणजे भोज हे घराण्यात चालत आलेले पद झाले. माणसाचे नाव खंदपालित, स्कंदाने राखलेला. त्याच धर्तीवर महाडचा व्हेणुपालित हा विष्णुपालित, आणि ‘कानभोअ’ म्हणजे कानभोज हे त्याचे पद किंवा कूळ, असे मला वाटते. ‘कान’चा उलगडा मात्र एवढ्यावरून होत नाही.

भोज हा शब्द याहून बराच जुना. ऐतरेय ब्राह्मणात दक्षिणेकडच्या सात्वतांचे राजे भौज्यासाठी अभिषिक्त होतात आणि भोज म्हणवतात. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात पितिनिकांच्या जोडीने भोज येतात, तेव्हा ते एका समूहाचे नाव असते. मूळ धातू भुज्, म्हणजे खाणे, उपभोगणे. जमिनीचे उत्पन्न खाणारा तो भोज. जातककथांतला गावाचा मुख्यही ‘गामभोजक’च. वतन खाणे आपल्या बोलीत अजून आहे आणि सातबाऱ्यावरचा ‘भोगवटादार वर्ग १’ हाही त्याच धातूचा.

पुढे गोव्याकडे ताम्रपट देणारे राजे स्वतःला भोज कुळाचे म्हणवतात. अकराव्या शतकात धारच्या परमार राजाचे आणि बाराव्यात पन्हाळ्याच्या शिलाहाराचे भोज हे व्यक्तिनामच झालेले दिसते. गंगू तेलीच्या म्हणीतला भोज धारचा की पन्हाळ्याचा, यावर हवा तेवढा वाद घालावा. त्या म्हणीवर इतिहास उभा करू नये.

महाडच्या लेखातली आणखी एक गोष्ट सहसा कोणी बोलून दाखवत नाही. जमिनीचा उपभोग ज्याच्या पदनामातच आहे, त्या कुमाराच्या यादीत शेत नाही. गांधारपाल्यातल्याच दुसऱ्या लेखात गृहपती श्रेष्ठी संघरखिताचा मुलगा वादसिरी लेण्याबरोबर शेतजमीन देतो. एवढ्यावरून कुमाराकडे जमीन नव्हती असे म्हणता येणार नाही. लेण्याचा पुढचा खर्च भागवायला उत्पन्न लावून दिल्याची नोंद मात्र व्यापाऱ्याच्या मुलाच्या नावावर आहे.