मराठी ख्रिस्ती नित्योपासना व शास्त्रवाचन

कुलाबा जिल्ह्यांत (१९८१ पासून रायगड) पेण व रोहें हे तालुके एकमेकांस लागून आहेत. रामवाडी ह्याच टापूंतली. रोह्याहून कुंडलिकेच्या कांठानें पश्चिमेस गेलें असतां नदी समुद्रास मिळते तेथें रेवदंडा व कोर्लई हीं पोर्तुगीज अमलाचीं जुनीं ठाणीं लागतात. ख्रिस्ती उपासना ह्या किनाऱ्यावर चारशें वर्षांहून अधिक काळ चालू आहे. तथापि ती मराठींत केव्हां व कशी होऊं लागली, ह्या प्रश्नाचा विचार व्हावा तितका झालेला नाहीं. तो येथें संक्षेपानें करावयाचा आहे.

प्रथम उपासनेचें स्वरूप सांगितलें पाहिजे. शास्त्राचा नेमलेला भाग रोज वाचावा, त्याचें मनन करावें, आणि त्यांतीलच शब्दांनीं देवास आळवावें, ही ख्रिस्ती नित्यप्रार्थनेची जुनी रीत होय. मठांतील प्रहरांच्या प्रार्थना स्तोत्रसंहितेवर उभारलेल्या आहेत. इंग्लंडांतील १५४९ च्या प्रार्थनाग्रंथानें हीं दीडशें स्तोत्रें महिन्याच्या तीस दिवसांच्या सकाळ-सायंकाळीं वांटून दिलीं. ह्यावरून वाचन हें प्रार्थनेचें बीज आहे, आणि वाचनाची भाषा परकी असेल तर प्रार्थनाहि परकीच राहते, हें उघड आहे.

आतां पूर्वपक्ष असा कीं, मराठींत ही रीत एकोणिसाव्या शतकांतील मिशनऱ्यांनीं आणिली. ह्याला आधार नाहीं असें नाहीं. श्रीरामपुरास केरीनें १८०५ सालीं मात्थीचें शुभवर्तमान व १८११ सालीं नवा करार मराठींत छापिला. मुंबईस अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल व त्याचे सोबती यांनीं आपलें स्वतंत्र भाषांतर करून १८२६ त नवा करार पुरा केला. संपूर्ण बायबल १८४७ त निघालें. गद्य शास्त्र घरोघर वाचावयास मिळालें तें ह्याच पुस्तकांमुळें.

परंतु आमच्या मतें हा आरंभ नसून पुनरारंभ आहे. १५४९ च्याच सुमारास इंग्लंडांत जन्मलेला फादर स्टीफन्स १५७९ त गोव्यास आला व साष्टींत राहून मराठी शिकला. त्याचें 'क्रिस्तपुराण' रायतूर येथें १६१६ त (शके १५३८) रोमन लिपींत छापलें गेलें. दोन भाग, पंचाण्णव अवस्वरु, दहा हजारांहून अधिक ओंव्या, असा त्याचा विस्तार आहे. ग्रंथाचें निमित्तच पाहण्याजोगें आहे. बाप्तिस्मा घेतलेला एक ब्राह्मण पाद्रीगुरूस विचारतो कीं, जुनीं पुराणें सुटलीं, आतां आम्हीं वाचावें काय? उत्तरादाखल पुराण रचिलें गेलें. तें रविवारीं व सणावारीं देवळांत वाचिलें जाई. म्हणजे श्रोत्यांची श्रवणाची संवय तशीच ठेवून तिच्यांत शास्त्रकथा घातली. येथें वाचन व भक्ति यांचा सांधा मराठी छंदानेंच जुळविलेला आहे.

१६४९ व १६५४ त ह्या ग्रंथाच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. पुढें खंड पडला. १६८४ त व्हाइसरॉय कोंदे द आल्व्होर यानें देशभाषा टाकून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढिला. हा हुकूम पूर्णपणें अमलांत आला नाहीं, तरी मराठी ओंवीस मिळणारा राजाश्रय संपला. छापील प्रत एकहि उपलब्ध नाहीं. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांवर. त्यांवरून सालदान्हा यांनीं १९०७ त मंगळुरास आवृत्ति काढिली, व देवनागरी आवृत्ति बंडेलू यांनीं १९५६ त पुण्यास प्रसिद्ध केली. सारांश, हॉल प्रभृति मुंबईस आले तेव्हां ही पूर्वपरंपरा झांकलेली होती, म्हणून त्यांस सर्व कांहीं नव्यानें आरंभावें लागलें.

कोर्लईचा दाखला ह्याच्या उलट बाजूचा. १७४० त चौल मराठ्यांकडे आलें, तरी कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीनें पोर्तुगीजपासून निघालेली आपली बोली आजवर घरांत राखली आहे. देवळांतली मिस्सा तर सर्वत्र लॅटिनमध्येंच असे. देशभाषेस मोकळीक १९६३ च्या व्हॅटिकन धर्मसभेच्या ठरावानें मिळाली.

पेण-रोह्याच्या टापूंत आणखी एक गोष्ट घडली. पेणकर, रोहेकर, अष्टमकर हीं बेने इस्रायलांचीं आडनांवें गांवांवरून पडलेलीं आहेत. मिशनऱ्यांच्या शाळांतून ह्या लोकांनीं मराठी जुना करार वाचिला. जॉन विल्सननें त्यांच्याकरितां हिब्रूचें व्याकरणहि मराठींत लिहिलें. पण धर्मांतर केलें फारच थोड्यांनीं. बहुतेकांनीं त्याच वाचनाच्या बळावर आपली यहुदी प्रार्थना दृढ केली. भाषांतर करणाराचा हेतु एक व वाचणाराची भक्ति दुसरी, असें होऊं शकतें, ह्याचा हा उत्तम पुरावा होय.

शेवटचा दुवा नारायण वामन टिळकांचा. १८९३ त नागपुराहून राजनांदगांवीं जातांना आगगाडींत एका युरोपियन सहप्रवाशानें त्यांस नवा करार दिला. मात्थीच्या पांचव्या ते सातव्या अध्यायांतील गिरिप्रवचनानें त्यांचें मन धरिलें. प्रभूची प्रार्थना ह्याच प्रवचनांत आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं त्यांचा बाप्तिस्मा झाला. गद्यांत वाचिलेलें त्यांनीं अभंगांत आळविलें, आणि 'ख्रिस्तायन' अपुरें राहिलें तें लक्ष्मीबाईंनीं पुढें चालविलें. स्टीफन्सची वाट नकळत पुन्हां मिळाली. इकडे केडगांवीं पंडिता रमाबाईंनीं साध्या बायकांस कळेल अशा मराठींत मूळ भाषांवरून बायबल उतरविलें. तें त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ त प्रसिद्ध झालें. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचें 'सुबोध बायबल' (२०१०) ह्याच मालिकेंतलें.

तात्पर्य, मराठी ख्रिस्ती प्रार्थना ही परदेशाहून आलेली तयार वस्तु नव्हे. शास्त्र बाहेरून आलें; पण जेथें जेथें तें ओंवीत, अभंगांत किंवा घरगुती गद्यांत वाचिलें गेलें, तेथें प्रार्थना इथलीच झाली, आणि जेथें ती भाषा तोडली गेली तेथें परंपराहि तुटली. ओंवीछंदाचा इतिहास लिहितांना रायतूरचें हें प्रकरण बाजूस ठेवल्यास तो इतिहास अपुरा राहील, असें आम्हांस वाटतें.