बेंबीचा इतिहास

1899 साली अमेरिकेतल्या बाल्टिमोरमधले स्त्रीरोगतज्ज्ञ हॉवर्ड केली यांनी एका बाईच्या पोटाची लोंबणारी कातडी आणि चरबी कापून काढल्याची नोंद प्रसिद्ध केली. कापलेला भाग भरला जवळपास साडेसात किलो. त्यात बेंबीही गेली. प्रश्न दिसण्याचा नव्हताच, ओझं उतरवण्याचा होता.

मोबाईलवर ‘टमी टक’ची जाहिरात आली की मला ती बेंबी आठवते. कारण बेंबी वाचवायची धडपड सुरू झाली, तिथे या शस्त्रक्रियेचा हेतू बदलला. 1957 मध्ये व्हर्नन यांनी युक्ती मांडली: बेंबी देठासकट जागेवर ठेवायची, भोवतालची कातडी सोडवून खाली ओढायची आणि तिला नवं भोक पाडून बेंबी बाहेर काढायची. 1967 मध्ये रिओचे इव्हो पितांगी यांनी 300 शस्त्रक्रियांचा अनुभव मांडला. त्यांचा छेद इतका खाली, की व्रण बिकिनीत झाकला जावा. समुद्रकिनाऱ्याच्या शहराला शोभेल असाच!

चरबी ओढून काढायची कथा वेगळी, आणि तिची सुरुवात भयंकर आहे. 1920 च्या दशकात पॅरिसमध्ये शार्ल द्युजारिए यांनी एका नर्तिकेच्या पायातली चरबी गर्भाशय खरवडायच्या हत्याराने काढायचा प्रयत्न केला. रक्तवाहिनी दुखावली आणि तिचा पाय कापावा लागला. पुढे 1977 मध्ये पॅरिसमध्येच इव्ह-जेरार इलूझ यांनी पाठीवरची चरबीची गाठ मोठा व्रण न ठेवता काढायला बोथट नळी वापरली. धारदार हत्यार गेलं, लायपोसक्शन रुळलं. 1987 मध्ये कॅलिफोर्नियाच्या जेफ्री क्लाइन यांनी भरपूर पातळ केलेलं भुलीचं औषध चरबीत भरायची पद्धत प्रसिद्ध केली. त्यामुळे रक्तस्राव खूपच कमी झाला.

दोन बाळंतपणांनंतर माझ्या ताईने विचारलं, “यातलं मी काय करू?” मी तिला हाच इतिहास सांगितला. प्रत्येक उपाय वेगळ्या थरासाठी जन्मला. कातडीखालची चरबी चिमटीत येते, ती लायपोसक्शनने निघते. पण सैल कातडी त्याने आवळत नाही. जादा कातडी आणि गरोदरपणात फाकलेले पोटाचे स्नायू यांच्यासाठी टमी टक. त्याची किंमत म्हणजे एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंतचा कायमचा व्रण, काही आठवड्यांची विश्रांती आणि रक्ताच्या गुठळीसारखे धोके. पुन्हा दिवस जायचे असतील तर थांबलेलंच बरं. आणि आतड्यांभोवतीची चरबी, जी मधुमेहाला हातभार लावते, तिला यातलं काहीच हात लावत नाही. तिथे आहार आणि व्यायामच.

ताईने अजून काही ठरवलेलं नाही. पण आता ती डॉक्टरांना “पोट कमी होईल का?” असं विचारणार नाही. “माझ्या पोटात नेमकं काय सुटलंय: चरबी, कातडी की स्नायू?” असं विचारेल.