उस्मानिया विद्यापीठ : वैद्यक, शिक्षण व रसायन (जामबाग–कोठी परिसर)

हैदराबादच्या जुन्या रेसिडेन्सीच्या आसपासचा, मुशी नदीच्या उत्तरेकडील भाग. जामबाग, कोठी, सुलतान बाजार व अफझलगंज ही नावे एकमेकांत मिसळलेली असून त्यांच्या हद्दी रिक्षावाल्याखेरीज कोणी काटेकोर पाळत नाही. जामबाग शहरात मुख्यतः फुलबाजारासाठी आणि मराठी माणसांत ‘विवेक वर्धिनी’ या शिक्षणसंस्थेसाठी प्रसिद्ध आहे. उस्मानिया वैद्यकीय महाविद्यालय, उस्मानिया रुग्णालय आणि रेसिडेन्सीच्या कोठीत भरणारे मुलींचे महाविद्यालय (आता महिला विद्यापीठ) येथून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. विद्यापीठाचा मुख्य परिसर मात्र ईशान्येस अडिकमेट–तारनाका भागात आहे.

स्थापना : सातवा निझाम मीर उस्मान अली खान याने १९१७ मध्ये फर्मान काढले, १९१८ मध्ये सनद दिली आणि १९१९ मध्ये प्रत्यक्ष वर्ग सुरू झाले. उर्दू हे सर्व विद्याशाखांचे माध्यम होते. इंग्रजी हा सक्तीचा विषय. आधुनिक विज्ञान, वैद्यक व अभियांत्रिकी भारतीय भाषेतून पदवीपर्यंत शिकवणारे हे देशातील पहिले विद्यापीठ. १९४८ नंतर माध्यम इंग्रजी झाले.

वैद्यक : येथील वैद्यकीय शिक्षण विद्यापीठापेक्षा बरेच जुने आहे. हैदराबाद मेडिकल स्कूल १८४६ मध्ये निघाले. १९२० च्या दशकात त्याचे उस्मानिया वैद्यकीय महाविद्यालय झाले. शाळेचा प्रमुख व रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी हा क्लोरोफॉर्मचा कट्टर पुरस्कर्ता होता. क्लोरोफॉर्मने मृत्यू येतो तो श्वास बंद पडून; हृदय आधी थांबत नाही, म्हणून भूल देणाऱ्याने नाडी सोडून श्वासाकडे पाहावे, असा त्याचा आग्रह. हे सिद्ध करण्यासाठी १८८८ मध्ये पहिले ‘हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन’ नेमले गेले. लंडनच्या ‘लॅन्सेट’ने निष्कर्षावर शंका घेतली, तेव्हा सहावा निझाम महबूब अली खान याने खर्चासाठी एक हजार पौंड देऊ केले आणि १८८९ मध्ये दुसऱ्या कमिशनसाठी लॉडर ब्रंटन हा नामवंत औषधशास्त्रज्ञ हैदराबादेत आला. अफझलगंजच्या रुग्णालयात शेकडो कुत्र्या-माकडांवर प्रयोग झाले. दुसऱ्या कमिशनने लॉरीचाच निर्वाळा उचलून धरला. १९११ मध्ये ए. जी. लेव्ही याने हलकी भूल दिलेल्या मांजरांत हृदयाच्या कप्प्यांचे फडफडणे दाखवून दिले आणि हैदराबादचा निष्कर्ष अपुरा ठरला. तरीही एखाद्या औषधाची सुरक्षितता सरकारी पैशाने, मोठ्या संख्येच्या प्रयोगांतून आणि परकीय परीक्षकासमोर तपासण्याचा हा भारतातील फार आरंभीचा प्रयत्न होता. उत्तर चुकले म्हणून तो विसरण्याचे कारण नाही.

याच शाळेत शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी यांना १८८९ मध्ये ‘हकीम’ ही पदवी मिळाली. त्या लॉरीच्या हाताखाली क्लोरोफॉर्म देत असत. जगातील पहिली महिला भूलतज्ज्ञ म्हणून त्यांचे नाव अनेक अभ्यासक घेतात. पुढे एडिंबरोला जाऊन त्या पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र शिकल्या. कारण भूलशास्त्राचा स्वतंत्र अभ्यासक्रमच तेव्हा नव्हता.

अफझलगंजचे रुग्णालय २८ सप्टेंबर १९०८ च्या मुशीच्या महापुरात गेले. आवारातल्या चिंचेवर चढून बसलेली दीडशेच्या आसपास माणसे वाचली. ते झाड अजून दाखवले जाते. पुरानंतर व्हिन्सेंट एश याच्या आराखड्यानुसार उस्मानिया रुग्णालयाची घुमटांची इमारत उभी राहिली. जुलै २०२० मध्ये पावसाचे पाणी तिच्या वॉर्डांत शिरले आणि ती रुग्णांसाठी बंद करण्यात आली.

रोनाल्ड रॉस याने २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादजवळ बेगमपेठेत डासाच्या जठरभित्तीत हिवतापाचे परजीवी पाहिले. त्यासाठी हुसेन खान या रुग्णाने डासांना रक्त पाजले, दर डासामागे एक आणा या दराने. ती इमारत पुढे विद्यापीठाकडे आली व तेथे रॉसच्या नावाची परजीवीशास्त्र संस्था आहे. आनुवंशिक आजारांसाठी विद्यापीठाची संस्था व रुग्णालयही बेगमपेठेतच.

विद्यापीठाच्या शेजारी तारनाक्याला १९५८ मध्ये कुन्नूरहून पोषण संशोधन प्रयोगशाळा आली. १९६९ पासून ती राष्ट्रीय पोषण संस्था. ती विद्यापीठाची नाही, परंतु मराठवाड्याच्या वाचकासाठी तिचे एक काम येथे नोंदवणे भाग आहे. ज्वारी हेच मुख्य अन्न असणाऱ्यांत पेलाग्रा हा आजार का दिसतो, याचा शोध सी. गोपालन व एस. जी. श्रीकांतिया यांनी घेतला आणि १९६० मध्ये ज्वारीतील ल्युसिन या ॲमिनो आम्लाच्या आधिक्याकडे बोट दाखवले. या उपपत्तीवर पुढे बराच वाद झाला.

शिक्षणशास्त्र : शिक्षक-प्रशिक्षण विभाग, बी.एड., एम.एड. व पीएच.डी.

रसायन व परिभाषा : विद्यापीठापूर्वीच, १९१७ मध्ये, ‘दारुल तर्जुमा’ म्हणजे भाषांतर विभाग सुरू झाला. मौलवी अब्दुल हक हे त्याचे पहिले प्रमुख. हेच पुढे औरंगाबादच्या उस्मानिया इंटरमिजिएट कॉलेजचे प्राचार्य होते. विभागाने शेकडो पाठ्यपुस्तके उर्दूत आणली. रसायनात प्रश्न सर्वांत अवघड होता, कारण तेथे प्रत्येक ओळीत नवा शब्द लागतो. मूलद्रव्याला ‘उन्सुर’, अणूला ‘जौहर’, रेणूला ‘सालमा’, आम्लाला ‘तुर्शा’, क्षाराला ‘नमक’ असे शब्द ठरले. शब्द अरबी धातूंवरून घडवावेत की बोलत्या उर्दूच्या जोडकामातून, यावर विभागात मतभेद होते. वहीदुद्दीन सलीम यांनी दुसऱ्या बाजूने ‘वज़ए इस्तिलाहात’ हा ग्रंथ १९२१ मध्ये लिहिला. परिभाषा कशी घडवावी याचा इतका बारकाईने विचार करणारे पुस्तक त्या काळी मराठीतही असायला हवे होते.

या शब्दांचा मराठीशी संबंध नसता तर येथे त्यांना इतकी जागा दिली नसती. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांतील मुलगा घरी मराठी बोले आणि पदवीचे रसायन उर्दूत शिके. पुण्या-मुंबईच्या पुस्तकातील ‘रेणू’ त्याच्या वहीत ‘सालमा’ म्हणून उतरे. माध्यम इंग्रजी झाल्यावर तोच शब्द ‘मॉलिक्यूल’ झाला, आणि मराठवाडा १९५६ मध्ये हैदराबाद राज्यातून बाहेर पडून १९५८ मध्ये औरंगाबादला स्वतंत्र विद्यापीठ झाले. एका पिढीच्या शिक्षकांनी एकाच कणाला तीन नावांनी हाक मारली. या पिढीच्या वह्या जपून ठेवण्याजोग्या आहेत.

प्रयोगशाळेतील संशोधनासाठी हैदराबाद सरकारने १९४४ मध्ये विद्यापीठाजवळ मध्यवर्ती प्रयोगशाळा काढली. सय्यद हुसेन झहीर हे तिचे संचालक होते. १९५६ मध्ये ती केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेकडे गेली आणि १९८९ पासून भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. १९८५ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून ए. व्ही. रामाराव येथे संचालक म्हणून आले. एड्सवरील ‘एझेडटी’ या औषधाची त्यांच्या गटाने बसवलेली निर्मितिपद्धती सिप्ला कंपनीने वापरली.

मराठी संबंध : विवेक वर्धिनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात निघाली. वामनराव नाईक, केशवराव कोरटकर या मंडळींचा तिला आधार होता. नोव्हेंबर १९२१ मध्ये संस्थेच्या नाट्यगृहात धोंडो केशव कर्वे यांच्या अध्यक्षतेखाली निझाम राज्य सामाजिक परिषद भरली. एक वक्ता तेलुगूतून बोलू लागताच सभागृहात हुर्यो झाली आणि त्या अपमानातून आंध्र जनसंघाचा जन्म झाला. हुर्यो करणाऱ्यांत मराठी किती होते याबद्दल मराठी लेखक सहसा गप्प राहतात. स्वभाषेतील शिक्षणाची कैफियत मांडणाऱ्यांच्याच सभागृहात हे घडले, एवढे मात्र नोंदवले पाहिजे. १९३१ मध्ये मराठी साहित्य संमेलन हैदराबादला भरले. अध्यक्ष होते ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे संपादक श्रीधर व्यंकटेश केतकर.

१९३८ मध्ये वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल उस्मानियाने विद्यार्थ्यांना काढून टाकले. त्यांपैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. विद्यापीठाच्या मराठी विभागात ना. गो. नांदापूरकर शिकवत; त्यांचे भाचे नरहर कुरुंदकर शिक्षणासाठी हैदराबादच्या सिटी कॉलेजात होते.

सद्यःस्थिती : उस्मानिया वैद्यकीय महाविद्यालय आता वारंगळच्या काळोजी नारायणराव आरोग्यविज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे. रेसिडेन्सीतील महिला महाविद्यालयाचे २०२२ मध्ये स्वतंत्र महिला विद्यापीठ झाले. या नोंदीत आलेल्या जामबाग–कोठी भागातील संस्थांपैकी उस्मानिया विद्यापीठाची संलग्नता राहिली ती विवेक वर्धिनीच्या महाविद्यालयाकडे.