कुसगावचे सत्तावीस: एका तक्त्याची कुळकथा

लोणावळा हे नाव रोमन लिपीत दोन तऱ्हांनी लिहिलेलं दिसतं. काही पाट्यांवर व्हीनंतर ए असतो, काहींवर तो गाळून थेट एल येतो. मराठी माणसाचं त्यावाचून काही अडत नाही. अंकज्योतिषाच्या हिशेबात मात्र ही दोन वेगळी गावं आहेत. ए असलेल्या लोणावळ्याची बेरीज २७ येते, ए गाळलेल्याची २६. आणि शेजारच्या कुसगावची? के २, यू ६, एस ३, जी ३, ए १, ओ ७, एन ५. म्हणजे पुन्हा २७. अंकज्योतिषात २७ हा राजदंडाचा आकडा, अधिकार देणारा. २६ हा भागीदारीत बुडवणारा, सावध राहायला सांगणारा. एका ए अक्षरावर गावाचं दैव फिरतं. देवनागरीत मात्र त्या गावाच्या नावाची मात्राही हललेली नसते.

हा हिशेब ज्या तक्त्यावरून होतो, तो आज आपल्याकडे घरोघरी पोचला आहे. बारशाआधी मुलीच्या नावाचं स्पेलिंग त्यावर तपासतात, दुकानाच्या पाटीत एक जादा ए घुसवतात, गाडी घेताना आरटीओकडे बेरीज नऊ येईल असा पसंतीचा क्रमांक मागतात. मावळातल्या गाड्यांवर एमएच १४ असतं. पुढच्या चार आकड्यांसाठी लोक हौसेनं जादा पैसे भरतात. पण हा तक्ता आला कुठून? एकाला ए आणि सोबत आय, जे, क्यू, वाय. दोनाला बी, के, आर. तिनाला सी, जी, एल, एस. चाराला डी, एम, टी. एबीसीडीच्या क्रमाशी याचा मेळ बसत नाही. ए एक आणि क्यूही एक, हे कुणी ठरवलं?

आपल्याकडे हा तक्ता रुळवण्याचं मोठं श्रेय कीरोला जातं. विल्यम जॉन वॉर्नर हे त्याचं खरं नाव, जन्म आयर्लंडमधला, १८६६ सालचा. त्यानं स्वतः सांगितलेली कथा अशी, की तो तरुणपणी मुंबईत अपोलो बंदरावर उतरला, तिथे त्याला कोकणातला एक जोशी ब्राह्मण भेटला, त्यानं त्याला आपल्या गावी नेलं आणि हातांच्या रेषांवरची जुनी पोथी दाखवली. या कथेला कीरोच्या शब्दाखेरीज आधार नाही, आणि ती हस्तरेषांबद्दलची आहे, आकड्यांबद्दलची नाही. तरी मराठी वाचकाला ती गोड लागते. विद्या आपलीच होती, साहेब ती घेऊन गेला आणि आपल्याला परत विकली, असं वाटायला तिनं मदत केली. आकड्यांच्या तक्त्याला कीरो खाल्डियन म्हणजे प्राचीन बाबिलोनचा म्हणत असे. पण तक्त्यातली अक्षरं दुसरंच कूळ सांगतात.

हिब्रू वर्णमाला समोर ठेवून पाहा. हिब्रूत आकड्यांसाठी वेगळी चिन्हं नव्हती. अक्षरंच आकडे होती. आलेफ १, बेत २, गिमेल ३, दालेत ४, असं नऊपर्यंत. पुढे दहादहांनी: योद १०, काफ २०, लामेद ३०, मेम ४०. मग शंभरांनी: कोफ १००, रेश २००, शिन ३००, ताव ४००. आता शून्यं पुसून टाका. आलेफ, योद, कोफ तिन्ही १ होतात, आणि त्यांचे रोमन वारस ए, आय-जे-वाय आणि क्यू. बेत, काफ, रेश २ होतात: बी, के, आर. गिमेल, लामेद, शिन ३: जी, एल, एस. दालेत, मेम, ताव ४: डी, एम, टी. पे या अक्षराचे ८०. त्याचे उच्चार प आणि फ असे दोन, म्हणून पी आणि एफ दोघांनाही ८. एक्ससारखं एखादं अक्षर सोडलं तर सगळा तक्ता असाच उलगडतो.

त्यातही मला सर्वांत बोलका वाटतो तो नऊचा रिकामा रकाना. या तक्त्यात कुठल्याच अक्षराला ९ नाही. नऊ हा परमेश्वराचा पवित्र आकडा, तो अक्षराला द्यायचा नाही, असं अंकज्योतिषी सांगतात. हिब्रूत मात्र ९ म्हणजे तेत आणि ९० म्हणजे त्सादे, आणि या दोन्ही अक्षरांना रोमन वर्णमालेत वारसच उरला नाही. रकाना रिकामा राहण्याचं कारण माझ्या मते एवढंच आहे.

म्हणजे कुसगावचे २७ काढणारा माणूस नकळत ज्यू धर्मपंडितांचाच हिशेब करत असतो. त्या हिशेबाला गेमात्रिया म्हणतात. आणि तो महाराष्ट्रात यायला कीरोची वाट पाहत नव्हता. घाटाखाली अलिबाग, पेण, रोहा भागात बेने इस्रायल समाज शतकानुशतकं तेल गाळत आला. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. १८७४ साली पुण्यात त्यांच्यासाठी वल्हांडणाच्या रात्री वाचायचं हग्गादा हे पुस्तक छापलं गेलं, हिब्रू मजकूर आणि सोबत मराठी अर्थ असं. ते साल हिब्रू गणनेत ५६३४. वरचे पाच हजार अध्याहृत धरून ते लिहायचं तर ताव, रेश, लामेद, दालेत: ४००, २००, ३० आणि ४. ज्या समाजात सालच अक्षरांनी लिहितात, तिथे प्रत्येक शब्दाला किंमत आपोआप चिकटते. ती मुद्दाम शोधावी लागत नाही, दिसतच असते.

ग्रीकांचंही तसंच. आल्फा १, आयोटा १०, ऱ्हो १००. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात भिंतीवर कुणा प्रेमिकानं खरडलंय, की जिचा आकडा ५४५ आहे तिच्यावर माझा जीव आहे. नाव लपवलं आणि सांगितलंही. सुएटोनियस हा रोमन चरित्रकार लिहितो, की नीरो बादशहाच्या नावाची ग्रीक बेरीज आणि 'त्यानं स्वतःच्या आईला मारलं' या शब्दांची बेरीज सारखीच येते, असं लोक भिंतींवर लिहीत. ती बेरीज १००५.

त्याच सुमाराला कुसगावपासून जवळच कार्ल्याचं चैत्यगृह कोरलं जात होतं. तिथल्या कित्येक खांबांवर धेनुकाकट गावच्या यवन दात्यांची नावं आहेत. यवन म्हणजे ग्रीक, किंवा पश्चिमेच्या समुद्रावरून आलेले लोक. यांच्यातल्या कुणाच्या पूर्वजांना आल्फा-बीटाचे आकडे येत असतील तर नवल नाही. पण खांबांवरची लिपी ब्राह्मी आहे, आणि आपल्याकडे आकड्यांना तोवर स्वतःची चिन्हं मिळालेली होती. जुन्नरजवळ नाणेघाटात सातवाहन राणीच्या लेखात दानात दिलेल्या गाई, हत्ती, कार्षापणं अशी अंकचिन्हांनी मोजलेली आहेत. अक्षर वेगळं, अंक वेगळा. नावाला आकडा चिकटण्याची सक्ती इथे उरली नाही. आर्यभटानं ४९९च्या सुमारास अक्षरांना किंमती दिल्या, दक्षिणेत कटपयादी पद्धत रुजली, पण ती पंडितांची सोय होती, बाजारातला हिशेब नव्हता.

बायबलमध्ये आकडे शोधण्याची सवय याच सक्तीतून आली. उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राहाम आपल्या घरची ३१८ माणसं घेऊन लढाईला जातो. इतका नेमका आकडा का? ज्यू पंडित म्हणाले, अब्राहामच्या सेवकाचं नाव एलियेझर, त्या नावाची बेरीज १, ३०, १०, ७०, ७, २०० म्हणजे ३१८. तो एकटाच गेला होता. सुरुवातीच्या ख्रिस्ती लेखकांनी तोच आकडा ग्रीकमध्ये वाचला: टाऊ ३००, आयोटा १०, ईटा ८. टाऊचा आकार क्रुसाचा, पुढची दोन अक्षरं येशूच्या नावाची. आकडा एक, लिपी दोन आणि धर्मही दोन. योहानाच्या शुभवर्तमानात जाळ्यात १५३ मासे सापडतात. १ ते १७ची बेरीज १५३ होते, हे संत ऑगस्टिनला फार भावलं, आणि १७ म्हणजे दहा आज्ञा व पवित्र आत्म्याची सात दानं, असा अर्थ त्यानं लावला.

सर्वांत गाजलेला आकडा अर्थात ६६६. प्रकटीकरणाच्या पुस्तकात श्वापदाचा हा आकडा येतो आणि ज्याला बुद्धी आहे त्यानं तो मोजावा, तो एका माणसाचा आहे, असं लेखक स्वतः सुचवतो. म्हणजे इथे कोडं लेखकानंच घातलं आहे. बहुतेक अभ्यासक त्याचं उत्तर नीरो असं देतात. नेरोन केसर हे हिब्रू अक्षरांत लिहा: ५०, २००, ६, ५०, मग १००, ६०, २००. बेरीज ६६६. लॅटिन धाटणीनं नेरो लिहिलं तर शेवटचा नून जातो, ५० कमी होतात आणि ६१६ उरतात. आणि खरोखरच इजिप्तमध्ये सापडलेल्या एका जुन्या पपायरसवर ६६६ऐवजी ६१६ लिहिलेलं आहे. हा पडताळा मला पटतो. आकडा दोन तऱ्हांनी लिहिला गेला आणि दोन्ही तऱ्हा एकाच माणसापाशी पोचल्या.

पण कोडं सुटलं म्हणून लोक थांबले नाहीत. जर्मन गणिती मिखाएल श्टिफेलनं पोप दहाव्या लिओच्या नावातून ६६६ काढले. त्यासाठी त्याला एक एम वगळावा लागला आणि एक एक्स घालावा लागला. मग त्यानं ऑक्टोबर १५३३मध्ये जग बुडणार असं सांगितलं, आणि त्याच्या शब्दावर विसंबलेल्या शेतकऱ्यांनी कामधंदा सोडला. बीजगणितात हा माणूस मोठाच होता. लॉगरिदमचा जनक नेपियर यानंही १५९३मध्ये जगाच्या अंताचा हिशेब मांडला. बुद्धी कमी म्हणून हे घडलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

अक्षरांनीच आकडे मोजायची ही पद्धत अरबीत अबजद झाली आणि दख्खनमध्ये फार्सी दरबारांबरोबर आली. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यानं घाट चढणाऱ्या कितीतरी ट्रकांवर दिसणारा ७८६ त्यातलाच. बिस्मिल्लाह-अर-रहमान-अर-रहीम यातले चार शब्द अनुक्रमे १०२, ६६, ३२९ आणि २८९ देतात. तो आकडा लिहिण्याला धर्मात आधार नाही असं म्हणणारे अनेक मौलवी आहेत, पण ट्रकवाल्याच्या श्रद्धेला त्यानं बाधा आली नाही. आता 'हरे कृष्णा' हे शब्द उर्दू लिपीत लिहा: ५, २००, १०, मग २०, २००, ३००, ५०, १. बेरीज ७८६! हे पहिल्यांदा मांडून पाहिलं तेव्हा मी कितीतरी वेळ कागदाकडे पाहत राहिलो. पण कृष्ण असं शेवटचा काना गाळून लिहिलं की ७८५ होतात. पुन्हा तोच लोणावळ्याचा ए. ज्याला हवी ती बेरीज काढायची आहे, त्याच्या हातात स्पेलिंगची चावी असते.

१९९४मध्ये इस्रायलमधल्या तिघांनी हिब्रू उत्पत्तीच्या पुस्तकात ठरावीक अंतरानं अक्षरं उचलली तर पुढच्या काळातल्या धर्मगुरूंची नावं आणि तारखा एकमेकांजवळ सापडतात, असा निबंध संख्याशास्त्राच्या नामांकित नियतकालिकात छापला. त्यावर मायकेल ड्रॉस्निनचं 'द बायबल कोड' १९९७मध्ये जगभर खपलं. टीकाकारांना त्यानं आव्हान दिलं, की 'मॉबी डिक' या कादंबरीत एखाद्या पंतप्रधानाची हत्या शोधून दाखवा. ऑस्ट्रेलियातले गणिती ब्रेंडन मॅके यांनी अनेक दाखवल्या. त्यात इंदिरा गांधीही होत्या. १९९९मध्ये त्याच नियतकालिकात मॅके आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की नावं कशी लिहायची याची मोकळीक इतकी मोठी आहे, की असे निकाल दुसऱ्या पुस्तकांतही मिळवता येतात.

मला यात अक्षरांकांची कला बदनाम झाल्याचं दुःख आहे, कारण ती आपल्याही मातीत फार सुंदर रुजली होती. हिजरी ९६१मध्ये, म्हणजे इसवी सन १५५३-५४मध्ये, अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा, गुजरातचा महमूद आणि दिल्लीचा इस्लामशहा सूर असे तिघे सुलतान वारले. इतिहासकार फिरिश्त्याच्या वडिलांनी त्यावर दोन शब्द रचले: जवाल-ए-खुसरवाँ, राजांचा अस्त. जवालचे ४४, खुसरवाँचे ९१७. बेरीज ९६१. अर्थही तोच आणि सालही तेच. रचणाऱ्यानं दोन्ही जाणून ठेवलेलं. इथे शोधणाऱ्याला काही सापडत नाही, सांगणाऱ्यानं सांगितलेलं फक्त ऐकू येतं.

रायगडावर जगदीश्वराच्या मंदिरापाशी असलेल्या संस्कृत शिलालेखात साल असंच शब्दांत गुंफलेलं आहे. सहा, नऊ, बाण आणि भूमी असे चार शब्द येतात. बाण म्हणजे मदनाचे पाच, भूमी एकच. हे आकडे उजवीकडून डावीकडे मांडायचे, हा जुना नियम. शके १५९६, इसवी सन १६७४, राज्याभिषेकाचं साल. आणि लेख रचणारा तेवढ्यावर थांबत नाही. वाचणाऱ्याचा हिशेब चुकू नये म्हणून तो लगेच संवत्सराचं नावही देतो: आनंद. पंचांग उघडून पाहा, शके १५९६ला आनंदनाम संवत्सरच येतो.