गुलाब, जुलाब आणि ज्युलेप

मे महिन्यात परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या झरीत ऊन असं तापतं की दुपारी गल्लीत चिटपाखरू दिसत नाही. तेवढ्यात गोळेवाल्याची घंटी वाजते आणि पोरं अनवाणी धावतात. गोणपाट बाजूला होतं, भुसा झटकला जातो, बर्फाची लादी रंध्यावर घासली जाते. मुठीत दाबून घट्ट केलेल्या त्या किसावर गुलाबी सरबत पडतं. पहिला घास घेईपर्यंत गोळा मनगटावरून ओघळायला लागलेला असतो.

त्याच महिन्याच्या पहिल्या शनिवारी अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, लुइव्हिलच्या चर्चिल डाउन्स मैदानावर, डर्बीचे घोडे धावतात. ही शर्यत 1875 पासूनची. बघ्यांच्या हातात ठेचलेल्या बर्फाने काठोकाठ भरलेला पेला असतो. त्यात बर्बन ही व्हिस्की, साखर आणि पुदिना. त्याचं नाव मिंट ज्युलेप. डर्बीचा दिवस आणि त्याचा आदला दिवस मिळून असे सुमारे 1,20,000 पेले खपतात. झरीच्या गुलाबी गोळ्याचं आणि या पेल्याचं कूळ एकच आहे.

ते कूळ फारसीतलं. गुल म्हणजे फूल, त्यातही गुलाबाचं. आब म्हणजे पाणी. गुलाब हे मुळात गुलाबपाण्याचं नाव. मराठीत ते पाण्यावरून फुलाकडे सरकलं, म्हणून तर लग्नात शिंपडायच्या पाण्याला ‘गुलाबपाणी’ म्हणताना आपण एका शब्दात दोनदा पाणी घालतो. अरबी लिपीत ‘ग’ नाही. तिथे गुलाबचा जुलाब झाला.

अरब वैद्यांचा जुलाब म्हणजे गुलाबपाणी आणि साखर यांचा पाक. कडू औषध गळ्याखाली उतरावं म्हणून ते या पाकात कालवून देत. वैद्यकाच्या ग्रंथांबरोबर हा शब्द लॅटिनमध्ये गेला, तिथून फ्रेंचमध्ये आणि पुढे इंग्रजीत ‘ज्युलेप’ झाला.

तोच शब्द फारसी आणि युनानी वैद्यकाच्या वाटेने आपल्याकडेही आला. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तिथे दफ्तर उर्दूत चाले आणि हैदराबादेत चारमिनारजवळ युनानीचा मोठा सरकारी दवाखाना होता. हकीम रेचक द्यायचे ते जुलाबातून. होता होता पाकाचं नाव रेचकाला चिकटलं आणि रेचकाचं त्याच्या परिणामाला. जुनी माणसं ‘जुलाब घेतला’ म्हणतात तेव्हा ती औषधाबद्दल बोलत असतात. ‘जुलाब झाले’ हा त्यापुढचा अर्थ. गोड पाकाची आठवण मराठीतल्या या शब्दातून पार पुसली गेली.

अमेरिकेत नेमकं उलटं घडलं. तिथे औषध मागे पडलं आणि गोडवा टिकला. 1803 मध्ये छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात जॉन डेव्हिसने ज्युलेपचा अर्थ दिला आहे: पुदिना घातलेला मद्याचा घोट, जो व्हर्जिनियाचे लोक सकाळी घेतात. गुलाबाची जागा अंगणातल्या पुदिन्याने घेतली होती. मद्य ब्रँडी असे, रम असे. केंटकीत बर्बन आली. बर्बनला निदान 51 टक्के मका लागतो, आणि ती आतून जाळलेल्या नव्या ओक लाकडाच्या पिंपात मुरते.

राहिला बर्फ. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने गोठलेल्या तळ्यांतला बर्फ कापून जगभर विकायचा धंदा उभा केला. 1833 मध्ये त्याचं ‘टस्कनी’ जहाज सुमारे 180 टन बर्फ घेऊन कलकत्त्याकडे निघालं. चार महिन्यांच्या प्रवासानंतर त्यातला निम्म्याहून अधिक शिल्लक होता. ही करामत लाकडाच्या भुशाची: भुशात अडकलेली हवा उष्णता आत शिरू देत नाही. पुढच्याच वर्षी मुंबईत अमेरिकेचा बर्फ उतरला. झरीत लादीवरून झटकला जातो तो भुसा आजही तेच काम करतो.

घरी ज्युलेप करायचा तर कसब बर्फातच आहे. अमेरिकेतले बारवाले बर्फ जाड कापडाच्या पिशवीत भरून लाकडी हातोड्याने फोडतात. आपल्याकडे स्वच्छ पंचा आणि वरवंटा पुरतो. सुती कापड वितळलेलं पाणी शोषून घेतं आणि चुरा कोरडा राहतो. पेल्याच्या तळाशी पुदिन्याची आठ-दहा पानं आणि चमचाभर साखरेचा पाक घालून चमच्याच्या पाठीने हलकंच दाबायचं. वासाचं तेल पानाच्या पृष्ठावरच्या बारीक ग्रंथींत असतं. पान कुटलं तर कडवटपणा उतरतो. मग 60 मिलिलिटर बर्बन, वर चुऱ्याची रास, आणि पेल्याला बाहेरून बाष्प धरेपर्यंत ढवळणं. पेला चांदीचा असेल तर त्यावर पांढरं दहिवर चढतं, कारण चांदी गारवा झटकन बाहेर आणते. मद्य मिसळलं की बर्फ शून्याच्याही खाली उतरतो. कुल्फीवाला माठातल्या बर्फाला मीठ लावतो त्यामागचं कारणही हेच.

हेच सगळं मिक्सरमध्ये फिरवलं की गोठवलेला ज्युलेप तयार होतो. घरच्या फ्रीजरच्या उणे 18 अंशांत नुसती बर्बन गोठत नाही, आणि पाणी मिसळलेला ज्युलेपही दगडासारखा न होता रवाळ राहतो.

ज्या घरात मद्य चालत नाही तिथे बर्बनऐवजी दोन चमचे गुलाबपाणी आणि अर्ध्या लिंबाचा रस घालतात. गुलाबपाणी, साखर आणि वर गोळेवाल्याच्या लादीचा चुरा: अरब वैद्य ज्याला जुलाब म्हणत, तो पाक असा पुन्हा पेल्यात उतरतो. वर पुदिन्याची जुडी काठाशी खोचायची, म्हणजे घोट घेताना पहिला वास तिचा येतो.