रेणुकेची स्मृति आणि मराठी रंगभूमि



महाभारताच्या वनपर्वांत रेणुकेची कथा आली आहे. रेणुका ही जमदग्नि ऋषींची पत्नी. एके दिवशीं ती नदीवर स्नानास गेली असतां चित्ररथ राजाची जलक्रीडा तिच्या दृष्टीस पडली आणि क्षणभर तिचें मन चळलें. ती आश्रमांत परतली तेव्हां पतीनें तिच्या मुद्रेवरून सारें ओळखलें व पुत्रांना तिच्या वधाची आज्ञा केली. चौघा वडील पुत्रांनीं ती पाळली नाहीं. धाकट्या परशुरामानें पाळली. संतुष्ट झालेल्या पित्यानें वर मागण्यास सांगितलें, तेव्हां परशुरामानें आई पुन्हा जिवंत व्हावी असा वर मागितला. आणि त्याबरोबरच आपला वध झाला होता याची तिला आठवण राहूं नये, असाही मागितला.

या दुसऱ्या वराकडे आपलें लक्ष सहसा जात नाहीं. रेणुकेला प्राण परत मिळाले, परंतु आपल्यावर काय गुदरलें हें सांगण्याचें साधनच तिच्यापासून हिरावून घेतलें गेलें. या सबंध प्रसंगांत तिच्या तोंडीं एक वाक्यही नाहीं. जिला घडलेलें आठवतच नाहीं, ती दाद तरी कोणत्या शब्दांत मागणार ?

आमच्या मराठवाड्याला ही कथा परकी नाहीं. नांदेड जिल्ह्यांत माहूर येथें रेणुकेचें ठाणें आहे आणि साडेतीन पीठांत त्याची गणना होते. लातूर जिल्ह्यांत रेणापूर येथेंही तिचें देऊळ आहे. माहूरच्या गाभाऱ्यांत पूर्णाकृति मूर्ति नाहीं; तेथें आहे तें देवीचें केवळ मुख. ज्या मातेचें शिर पुत्रानें उडविलें, तिच्या मुखापुढें लोक पिढ्यान्‌पिढ्या हात जोडीत आले आहेत. ग्रंथानें जिला बोलूं दिलें नाहीं, तिचें मुख लोकांनीं जपलें. हें मुख पुढें बोलूं कसें लागलें, म्हणजे जुन्या नाटकांत व आख्यानांत मूकपणें उभ्या राहिलेल्या स्त्रियांना मराठी रंगभूमीवर वाचा कोणी दिली व कशी दिली, याचा थोडा इतिहास आज आपणांपुढें ठेवावयाचा आहे.

प्रथम संस्कृत नाटकांकडे पाहूं. भवभूति हा आपल्या शेजारच्या विदर्भांतील पद्मपुरच्या घराण्यांतला. त्याच्या 'उत्तररामचरिता'च्या पहिल्या अंकांत राम, सीता आणि लक्ष्मण आपल्या गत आयुष्याचीं चित्रें पाहत आहेत. विवाहप्रसंगाचें चित्र येतें. लक्ष्मण एकेका वधूकडे बोट दाखवून ही मांडवी, ही श्रुतकीर्ति असें सांगतो. मात्र एकीचें नांव तो घेत नाहीं. सीता थट्टेनें विचारते, ही दुसरी कोण ? ती असते ऊर्मिला, लक्ष्मणाची स्वतःची पत्नी. लक्ष्मण लाजतो, मनाशीं हंसतो आणि विषय पालटण्याकरितां पुढच्या चित्राकडे वळतो. तें पुढचें चित्र असतें परशुरामाचें ! मातेचें शिर उडविणारा पुत्र पुढें येतो आणि चौदा वर्षें पतीवांचून काढणारी ऊर्मिला मागें पडते. भवभूतीनें तो प्रसंग विनोदाच्या अंगानें रंगविला आहे, आणि तो गोडही आहे. परंतु सबंध नाटकांत ऊर्मिलेच्या वांट्यास आलें तें एवढेंच.

या उणीवेकडे आधुनिक काळीं ठळकपणें बोट दाखविलें तें रवींद्रनाथ ठाकुरांनीं. त्यांच्या 'प्राचीन साहित्य' या १९०७ सालच्या संग्रहांत काव्यांतील उपेक्षितांविषयीं एक निबंध आहे. त्यांत त्यांनीं ऊर्मिलेची आठवण केली, तशीच 'शाकुंतला'तील अनसूया व प्रियंवदा यांचीही. शकुंतलेच्या या दोन सख्या चौथ्या अंकांत तिला निरोप देतात आणि मग नाटकांतून नाहींशा होतात. खुद्द शकुंतलेचीही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. महाभारतांतली शकुंतला भर सभेंत दुष्यंताला खडे बोल ऐकविते. कालिदासानें शाप आणि अंगठी यांची योजना करून राजाचा दोष हलका केला, आणि त्याबरोबर शकुंतलेच्या वाणीची धारही उतरली. नाटक त्यामुळें सुंदर झालें यांत शंका नाहीं. परंतु त्या सौंदर्याची किंमत कोणी दिली, हें विचारण्यास हरकत नसावी.

मराठी रंगभूमीचा प्रारंभ १८४३ सालीं सांगलीस विष्णुदास भावे यांच्या 'सीतास्वयंवरा'नें झाला, आणि १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांनीं 'शाकुंतल' संगीतांत आणलें. पहिल्याच पायरीवर सीता व दुसऱ्या पायरीवर शकुंतला. म्हणजे नायिकांचा तोटा नव्हता. परंतु त्यांचे शब्द पुरुष लिहीत आणि पुरुषच उच्चारीत. भाऊराव कोल्हटकर किंवा बालगंधर्व यांच्या कलेला यामुळें कमीपणा येत नाहीं. तरी स्त्रीनें कसें बोलावें, कसें रडावें, हें ठरविणारीं सारीं मुखें पुरुषांचीं होतीं, ही गोष्ट उरतेच.

कधीं कधीं स्त्रीचा आवाज मोठा होई, पण तो दुसऱ्याच कारणासाठीं. १९०७ सालीं कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचें 'कीचकवध' रंगभूमीवर आलें. सैरंध्रीची विटंबना पाहून प्रेक्षक खवळून उठत. कारण त्यांना कीचकांत लॉर्ड कर्झन दिसे आणि सैरंध्रींत भारतमाता. सरकारलाही तेंच दिसलें व १९१० सालीं नाटकावर बंदी आली. देशाच्या दृष्टीनें तें मोठेंच कार्य झालें. तथापि सभेंत उभी राहून न्याय मागणाऱ्या एका स्त्रीचें दुःख त्या जयघोषांत कितीजणांच्या कानीं पडलें असेल ?

त्याच खाडिलकरांनीं 'बायकांचें बंड' हें नाटक लिहिलें. त्याचें बीज जैमिनीच्या अश्वमेधांतील प्रमिलेच्या कथेंत आहे. प्रमिला ही स्त्रीराज्याची राणी. यज्ञाचा घोडा ती अडविते आणि शेवटीं अर्जुनाशीं लग्न होऊन तिचें बंड शमतें. यावर पांचसहा वर्षांतच एका गृहिणीनें उत्तर दिलें. गिरिजाबाई केळकर यांनीं आपल्या नाटकाचें नांवच 'पुरुषांचें बंड' असें ठेवलें. एका पुरुषाच्या नाटकाला एका स्त्रीनें नाटकानेंच जबाब द्यावा, हा आपल्या वाङ्मयांतला महत्त्वाचा प्रसंग होय. पुढें त्यांनीं 'मंदोदरी' लिहिलें. ज्या रावणपत्नीकडे रामकथा फारशी वळून पाहत नाहीं, तिचें नांव नाटकाच्या मथळ्यावर आलें. त्यांच्याही आधीं हिराबाई पेडणेकर यांनीं 'जयद्रथविडंबन' आणि मग 'दामिनी' हीं नाटकें लिहिलीं होतीं. 'दामिनी' ललितकलादर्श मंडळीनें रंगभूमीवर आणलें. १९२८ सालीं मुंबईच्या नाट्यसंमेलनाचें अध्यक्षस्थान गिरिजाबाईंना मिळाले. तो मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

लेखणी हातीं आली, तरी मुख अजून यावयाचें होतें. १९३३ सालीं नाट्यमन्वंतर संस्थेनें 'आंधळ्यांची शाळा' केलें, त्यांत स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनींच केल्या. नॉर्वेचे नाटककार ब्यर्नसन यांच्या नाटकावर तें आधारलेलें होतें, आणि जें शुद्ध आचरण वधूकडून मागावयाचें तें वराकडूनही कां मागूं नये, असा त्यांतला प्रश्न होता. पुढें १९५५ सालीं मामा वरेरकरांच्या 'भूमिकन्या सीता' या नाटकांत ऊर्मिला ठळकपणें बोलूं लागली. भवभूतीच्या चित्रांतली वधू चौकटींतून खालीं उतरली, असें म्हणावयास हरकत नाहीं. आणि १९८९ सालीं सुषमा देशपांडे यांनीं 'व्हय, मी सावित्रीबाई' हा एकपात्री प्रयोग स्वतः लिहून स्वतः सादर केला. लेखणी आणि मुख हीं दोन्हीं येथें एकाच स्त्रीचीं झालीं.

श्रोत्यांच्या लक्षांत आलें असेल कीं, या सर्व हकीकतींत सांगली, पुणें, मुंबई हीं नांवें आलीं. नांदेड आलें नाहीं, लातूर आलें नाहीं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला मुलूख निजामाच्या अमलाखालीं होता, राज्यकारभाराची भाषा उर्दू होती, आणि १९१८ सालीं निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें शिक्षणही त्याच भाषेंत होतें. अशा स्थितींत मराठी नाटकाला येथें राजाश्रय कोठून मिळावा ? परंतु एवढ्यावरून येथील स्त्री मुकी होती असें मानणें चुकीचें होईल. तिची रंगभूमि जात्यापाशीं होती.

पहाटे जात्यावर बसून आमच्या आयाबायांनीं सीतेचा वनवास गाइला आहे. त्यांच्या रामायणांत एक कथा अशी येते : कैकेयी सीतेला रावणाचें चित्र काढण्यास सांगते. सीतेनें त्याच्या पायाचा अंगठाच तेवढा पाहिलेला. म्हणून ती अंगठाच काढते. पुढचें चित्र कैकेयी पुरें करते आणि तें रामाला दाखविते. म्हणजे सीतेला वनांत धाडणारें कारण प्रजेचा अपवाद हें नसून घरांतलेंच कपट आहे, असा निवाडा जात्यावर झालेला आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांनीं गांवोगांव फिरून ज्या ओव्या जमविल्या, त्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे, आणि मराठवाड्यांतल्या बायांच्या ओव्याही त्यांत आहेत. पिठाची गिरणी आली, जातें भिंतीकडेला गेलें, आणि हा ठेवा हातचा जाण्याची वेळ आली होती.

या दोन धारा शेजारीं ठेवून पाहिल्या म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. जात्यावरच्या स्त्रीला वाणी होती, पण ज्यांना प्रश्न विचारावयाचा ते तिच्या समोर नसत. ते त्या वेळीं झोपलेले असत. नाटकगृहांत ते समोर बसलेले असत, पण तेथें तिला वाणी नव्हती. उपेक्षित स्त्रीपात्रांस वाचा देणें म्हणजे या दोहोंची गांठ घालून देणें होय. जात्यावरचा प्रश्न दिव्यांच्या उजेडांत, भरल्या सभेंत विचारला गेला पाहिजे.

तो विचारतांना एक पथ्य मात्र पाळावें लागेल. ऊर्मिलेच्या किंवा मंदोदरीच्या तोंडीं नाटककारानें आपलें व्याख्यान घातलें, तर पूर्वी कवीनें तिला मुकें ठेवलें आणि आतां लेखकानें तिच्या मुखाचा कर्णा केला, एवढाच फरक पडेल. तिनें शोकच करीत राहावें, हेंही पुरेसें नाहीं. रडण्याचा अधिकार तिला जुन्या नाटकांतही होता. तिच्या बोलण्यानें कथेचा निवाडा बदलला, तरच ती बोलली असें म्हणतां येईल.

नांदेडास नरहर कुरुंदकरांसारख्या विद्वानानें भरताचें नाट्यशास्त्र आणि व्यासांचें महाभारत या दोहोंचाही कसून विचार केला. त्या भूमींतल्या लेखिकांपुढें आणि नाट्यमंडळांपुढें रेणुकेची कथा उभी आहे. तिचीं दोन देवळें तर आपल्या दोन जिल्ह्यांतच आहेत. ती रंगभूमीवर आलीच, तर चित्ररथाविषयीं तिनें खुलासा करावा अशी अपेक्षा कोणीं करूं नये. तिला विचारूं द्यावें तें त्या दुसऱ्या वराविषयीं : हा विसर तुम्हीं मागितला, तो माझ्या सुखासाठीं, कीं माझ्या डोळ्यांना डोळे भिडवितांना तुम्हांला जड जाऊं नये म्हणून ? या प्रश्नाचें उत्तर परशुरामाला द्यावें लागेल, आणि समोर बसलेल्या आपणां सर्वांनाही.